अस्सल, नक्कल आणि ‘सेंड टू’

आमच्या शाखेत दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर ‘लोन’ किंवा ‘ओटीपी’ असे नसून ‘कट-पेस्ट’ असे द्यावे लागेल. ‘ते कागद पेनड्राइव्हवर कट-पेस्ट करा’, ‘तो आकडा इकडे कट-पेस्ट केला’ असे आपण सहज बोलून जातो. वस्तुतः बोलणाऱ्याच्या मनात नक्कल करणे असते, पण तोंडातून ‘कट’ निघतो. मीही अनेक वर्षे हा शब्द असाच बेफिकिरीने वापरला. त्याची किंमत मात्र एका ग्राहकाला मोजावी लागली. संगणकावर फाईलची प्रत कशी काढावी, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या विषयावर लेख लिहिण्याचे कारण तोच प्रसंग होय.

आमची शाखा बेंगळूरूच्या सर्जापूर रोडवर आहे. इब्लूरच्या चौकातून निघून कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकत हा रस्ता सर्जापूरकडे जातो. ती गावे आता गावे राहिलेली नाहीत. उंच इमारतींच्या संकुलांनी त्यांना कवेत घेतले आहे. याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे. या कंपनीचा जन्म १९४५ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातील अंमळनेरला वनस्पती तूप करणारी कंपनी म्हणून झाला आणि संगणकाच्या व्यवसायात ती १९८०च्या दशकात उतरली, हे आमच्या मराठी ग्राहकांना सांगितले की त्यांचा चेहरा खुलतो. येथे येणारे बहुसंख्य ग्राहक संगणक क्षेत्रातील आहेत. अवघ्या जगाची माहिती सुरक्षित राखणारी ही मंडळी. पण स्वतःच्या घराचे कागद विचारले, तर ते ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये, सिनेमाच्या तिकिटांच्या शेजारी सापडतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझ्याही घरी वेगळे चित्र नव्हते.

दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक शाखेत आले. मूळचे मिरजेचे, पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे राहावयास आलेले. मुलाच्या गृहकर्जात ते सहकर्जदार होते. त्यांच्या पेन्शनचा आदेश, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि मिरजेच्या घराची मिळकतपत्रिका हे कागद हवे होते. मूळ कागद मिरजेला लॉकरमध्ये होते. भाच्याने केलेले स्कॅन लॅपटॉपवर होते. बँकेच्या संगणकाला बाहेरचा पेनड्राइव्ह जोडता येत नाही, म्हणून मी त्यांना सांगितले, “काका, पेनड्राइव्हवर कट-पेस्ट करून घ्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा.”

काका शिक्षक. सांगितलेले अक्षरशः पाळण्याची सवय. त्यांनी घरी जाऊन मुलाच्या जुन्या वहीतील टिपणे पाहून ‘कट’ केले आणि ‘पेस्ट’ केले. फाईली एकेक निवडण्यापेक्षा ‘महत्त्वाचे’ नावाचा सबंध फोल्डरच उचलला. छापील कागद दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आले, मी ते तपासून पुढे पाठवले, आणि पेनड्राइव्ह दुकानातल्या संगणकालाच लागलेला राहिला. तीन दिवसांनी आठवण झाली तेव्हा तो कोणी नेला हे कोणालाच ठाऊक नव्हते.

कागदांचे काही बिघडले नाही. भाच्याने लॉकर उघडून ते पुन्हा स्कॅन केले. पण त्या फोल्डरच्या पोटात आणखी एक फोल्डर होता, काकूंच्या अखेरच्या दोन वर्षांतील छायाचित्रांचा. मुलगा स्वतः अभियंता. त्याने दोन रात्री बसून शोध घेतला. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि आजच्या लॅपटॉपमधील एसएसडी पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करून टाकते. हाती काही लागले नाही. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. “मॅडम, मीच नीट वाचायला हवं होतं,” एवढेच म्हणाले. मला मात्र ठाऊक होते, की त्यांनी नीटच वाचले होते. सांगणारीचा शब्द चुकला होता.

आपल्या महसुली आणि न्यायालयीन व्यवहारात हा घोटाळा होत नसे. तेथे ‘अस्सल’ वेगळे आणि ‘नक्कल’ वेगळी. नकलेवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा येई आणि अस्सल आपल्या जागी दप्तरात राही. संगणकावर ‘कट’ आणि ‘कॉपी’ हे दोन आदेश एकाच मेनूत, एकाखाली एक बसले; कळाही शेजारच्याच, ‘एक्स’ आणि ‘सी’. या आदेशांचे जन्मस्थान मोठे गमतीचे आहे. १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाच्या लेखन-प्रणालीत कापणे, नक्कल करणे व चिकटवणे या क्रिया आज आपण वापरतो त्या स्वरूपात आणल्या, त्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. ज्या कंपनीचे नाव आपण मराठीत नकलेसाठीच वापरतो, तिच्याच घरी ‘कट’ वाढला! टेस्लर २०२० साली निवर्तले. संपादक कात्रीने मजकूर कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवीत, त्यावरून ही नावे आली. लेखाच्या मसुद्यासाठी कात्री योग्यच आहे. घराच्या कागदांसाठी ती टेबलावर असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग लोक दुसरी प्रत का करीत नाहीत? आळस, निष्काळजीपणा ही उत्तरे सोपी आहेत, पण मला ती पटत नाहीत. त्या प्रसंगानंतर एका रविवारी मी काकांच्या घरी गेले आणि एका फाईलची प्रत बाहेरच्या डिस्कवर नेण्यास त्यांना काय काय करावे लागते ते शेजारी बसून मोजले. फाईलवर राइट क्लिक, ‘कॉपी’, मग संगणकाची खिडकी उघडणे, डिस्क शोधणे, तीतील फोल्डर शोधणे, तो उघडणे, पुन्हा राइट क्लिक, आणि ‘पेस्ट’. एकूण आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर नवी खिडकी, नवा निर्णय. सत्तरीच्या माणसाचे सोडा, दिवसाचे दहा तास संगणकापुढे बसणारा त्यांचा मुलगाही हे ‘उद्या करू’ म्हणत होता. प्रत्यक्ष प्रत होण्यास दोन सेकंद लागत होते. तिथवर पोहोचण्यास मिनिट. आपण वेगवान संगणक घेतो तो त्या दोन सेकंदांसाठी, आणि ते मिनिट आहे तसेच राहते.

या मिनिटावरचा उपाय विंडोजमध्ये १९९५ पासून आहे आणि तो फुकट आहे. कोणत्याही फाईलवर राइट क्लिक केल्यास मेनूत ‘सेंड टू’ असा पर्याय दिसतो. विंडोज ११ मध्ये तो ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड गेला आहे, पण शिफ्ट कळ दाबून राइट क्लिक केल्यास जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. या ‘सेंड टू’मध्ये काय असावे हे कंपनीने कायमचे ठरवलेले नाही. ती यादी म्हणजे एक साधा फोल्डर आहे. त्यात जे ठेवाल ते मेनूत दिसेल, जे काढाल ते मेनूतून जाईल.

तो फोल्डर उघडण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ एकत्र दाबावी. येणाऱ्या चौकटीत इंग्रजी लिपीत ‘शेल’, मग कोलन, मग ‘सेंडटू’ हे शब्द मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. आता प्रती जेथे ठेवायच्या तो बाहेरच्या डिस्कवरील फोल्डर कॉपी करावा आणि या फोल्डरमध्ये येऊन राइट क्लिक करून ‘पेस्ट शॉर्टकट’ निवडावे. नुसते ‘पेस्ट’ नव्हे, अन्यथा तो सगळा फोल्डरच येथे उतरेल. शॉर्टकटला मराठी नाव द्यावे, देवनागरी चालते. काकांच्या संगणकावर आम्ही ‘नक्कल – मोठी डिस्क’ आणि ‘नक्कल – छपाई’ अशी दोन नावे दिली. पहिले घरीच राहणाऱ्या डिस्कसाठी, दुसरे दुकानात न्यायच्या पेनड्राइव्हसाठी. आठ पायऱ्यांच्या तीन झाल्या: राइट क्लिक, सेंड टू, नक्कल.

येथे एक अडचण आम्हाला आली, ती सांगितली पाहिजे. बाहेरची डिस्क काढून पुन्हा जोडली की कधी कधी तिचे अक्षर बदलते. आज ‘ई’ असलेली उद्या ‘एफ’ होते, आणि शॉर्टकटला आपला फोल्डर सापडत नाही. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला वर्णमालेतील शेवटचे एखादे अक्षर दिले की ही कटकट सहसा मिटते.

दुसरी गोष्ट अस्सल-नकलेची. माउसने फाईल ओढून सोडताना विंडोजचा नियम असा, की त्याच ड्राइव्हवर सोडली तर फाईल हलते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर सोडली तर नक्कल होते. एकाच हालचालीचे दोन अर्थ! ‘सेंड टू’ने दुसऱ्या ड्राइव्हवर पाठवल्यास नक्कल होते, पण शिफ्ट कळ दाबून पाठवल्यास मूळ फाईलच जाते, कंट्रोल कळ दाबून ठेवल्यास नक्कलच होते. म्हणून मी काकांना एवढेच लिहून दिले: कंट्रोल दाबा, मग पाठवा. ओढणेच आवडत असेल त्यांनी उजव्या कळीने ओढावे. सोडताच संगणक विचारतो, की नक्कल करायची की हलवायचे. माझ्या मते हा प्रश्न त्याने डाव्या कळीलाही विचारायला हवा होता.

मेनू नीट लावण्यात जोडण्याइतकेच काढण्यालाही महत्त्व आहे. ‘सेंड टू’च्या यादीत वर्षानुवर्षे ‘फॅक्स रेसिपियंट’ नावाचा पर्याय बसून आहे. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मी संगणकावरून एकही फॅक्स पाठवलेला नाही. असे निरुपयोगी पर्याय त्या फोल्डरमधून काढून टाकले की हवा तो पर्याय लवकर दिसतो.

आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा आठवा. मोहरी, हळद, हिंग, जिरे यांच्या वाट्या ठरलेल्या जागी असतात. फोडणी तापलेली असताना बाई डब्याकडे पाहत नाही, हात आपोआप जातो. कोणी न विचारता वाट्या बदलल्या तर घरात काय होते हे मी सांगावयास नको. पण संगणकाच्या बाबतीत हे धाडस केले गेले आहे. ऑफिस २००० मध्ये कमी वापरातले पर्याय संगणक स्वतःच लपवी आणि वापराप्रमाणे मेनू बदलत जाई. हेतू चांगला होता, पण हाताला पाठ झालेली जागा रोज बदलली तर वेग येणार कोठून? २००७ च्या आवृत्तीपासून ही रचना मागे पडली. विंडोज ८ आणि १० मध्ये ‘कॉपी टू’ असे स्वतंत्र बटण वरच्या पट्टीत आले होते. ते खरोखर उपयोगी होते, ११ मध्ये ती पट्टीच काढून टाकण्यात आली. म्हणूनच मला वाटते, की मेनू बनवणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता ज्याने त्याने आपला मेनू स्वतः लावावा आणि मग त्याला हात लावू नये.

हा विचार नवाही नाही. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, त्या काळातील आमचे एक ज्येष्ठ सहकारी नॉर्टन कमांडर या १९८६ सालच्या प्रणालीची आठवण सांगतात. काळ्यानिळ्या पडद्यावर दोन कप्पे: डावीकडे जे आहे ते, उजवीकडे जेथे न्यायचे ते. ‘एफ-५’ म्हणजे नक्कल, ‘एफ-६’ म्हणजे हलवणे. माउस नाही, शोधाशोध नाही. आणि ‘एफ-२’ दाबले की स्वतः लिहिलेला मेनू उघडे. दिवसाअखेरीची प्रत फ्लॉपीवर घेण्याचा आदेश त्यांनी त्या मेनूत लिहून ठेवला होता. ‘एक कळ दाबायची होती म्हणून रोज दाबली गेली,’ असे ते सांगतात. त्याच दोन कप्प्यांच्या घराण्यातील टोटल कमांडर आजही अनेक जण आवडीने वापरतात. ज्यांना रोज शेकडो फाईली हाताळाव्या लागतात त्यांनी तो जरूर पाहावा. घरगुती वापरासाठी ‘सेंड टू’ पुरेसे आहे.

वेगाविषयी आणखी थोडे. पाच हजार लहान फाईलींची नक्कल करण्यास तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाईलपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाईलची स्वतंत्र नोंद करावी लागते. रोखपालाला दहा हजार रुपये पाचशेच्या नोटांत मोजणे आणि दहाच्या नोटांत मोजणे यांत जो फरक, तोच हा. अशा वेळी ‘सेंड टू’मध्येच असलेल्या ‘कंप्रेस्ड फोल्डर’ या पर्यायाने एक गठ्ठा करावा आणि तो पाठवावा. पेनड्राइव्ह संगणकाच्या कोणत्या खाचेत लावतो यानेही फरक पडतो. यूएसबी २ चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३ चा ५ गिगाबिट. निळ्या रंगाची खाच बहुधा दुसऱ्या प्रकारची असते.

मेनूत ‘कॉपी टू फोल्डर’ हा पर्याय आणण्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करण्याची एक जुनी युक्ती सांगितली जाते. जाणकारांनी ती खुशाल करावी. इतरांनी रजिस्ट्रीत हात घालू नये, आणि ‘दसपट वेगाने कॉपी’ असे आश्वासन देणारी अनोळखी मोफत प्रणाली तर ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करता त्यावर मुळीच उतरवू नये. कार्यालयातील संगणकाचा मेनूही कार्यालयाच्या परवानगीविना बदलू नये. हा सल्ला घरच्या संगणकापुरताच आहे.

छपाईचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवण्याचे कारण आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दुकानात जाताना त्यावर हवी तेवढीच फाईल असावी, घरी परतल्यावर ती पुसावी, आणि दुकानाच्या संगणकावर प्रत उतरवली असेल तर तीही समोर उभे राहून पुसून घ्यावी. आधार आणि वाहन परवान्यासारखे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात; त्यांचे स्कॅन बाळगत हिंडण्याची गरजही बहुधा पडत नाही. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. घरच्या माहितीसाठी एवढी कडक शिस्त नको, पण दोन जागा तरी हव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर फिरणारी नको.

काकूंची काही छायाचित्रे नंतर मिळाली. मिरजेच्या आणि सांगलीच्या नातेवाइकांनी आपापल्या फोनमध्ये शोधून चाळीसेक पाठवली. व्हॉट्सॲपवरून आलेली असल्याने ती लहान आणि काहीशी धूसर आहेत. ती आली त्याच दिवशी काकांनी ‘नक्कल – मोठी डिस्क’वर पाठवली, आणि मला फोन करून तसे सांगितलेही.

गेल्या नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत आले होते. आता ते मला ‘मॅडम’ न म्हणता ‘ताई’ म्हणतात. आपण मेनूत तिसरे नाव जोडले, हे त्यांनी आपणहून सांगितले: ‘नक्कल – नातीसाठी’. ‘फॅक्स रेसिपियंट’ मात्र त्यांनी काढलेला नाही. “राहू दे ताई, कुणाचं काय अडलंय त्याच्याशी,” असे म्हणून त्यांनी दाखल्याच्या अर्जावर सही केली आणि आपले पेन आठवणीने खिशात ठेवले.